दानूनं माफी मागितली नाही

आमच्या इथल्या, जर्मनीतल्या मराठी मंडळाच्या फोनवरच्या ग्रुपात परवा श्रद्धांजली आली. डोळ्यांचं माझं अलीकडं जमत नाही, म्हणून सुनेनं वाचून दाखवली. वर फोटो. दानू शाल पांघरून उभा, काखेत नारळ. खाली लिहिलेलं, 'तरुणपणी सैन्यात हातून घडलेल्या चुकीबद्दल अमेरिकेच्या अध्यक्षांकडे माफी मागण्याची त्यांची इच्छा होती, ती अपुरी राहिली.' त्याखाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागलेली. ज्यांनी त्याला एकदाही घोटभर चहा पाजला नाही, त्यांचे हात पहिले.

मी सुनेला म्हटलं, "फोन ठेव आणि कागद आण."

"आण्णा, जाऊ दे हो. चांगल्या मनानं लिहिलंय त्यांनी."

"चांगल्या मनानं खोटं लिहिलंय. कागद आण."

मी चौथी पास. पाचवीत गेलो आणि मास्तराशी पटलं नाही, ते कायमचंच. तेव्हा माझं शुद्धलेखन कुणी काढू नये. पण मेलेल्या माणसाच्या तोंडात कुणी घास कोंबायला लागलं, तर तो बाहेर काढायला किती शाळा लागते? त्यानं माफी मागितली नाही. मागायची इच्छाही नव्हती, निदान शेवटी तरी नव्हती. हे मी लिहून ठेवतोय, आणि ज्याला पटत नाही त्यानं बॉबलिंगेनला घरी येऊन माझ्या तोंडावर सांगावं.

मी धंद्यानं गुळव्या. उसाचा रस काहिलीत कढत असतो. त्याचा गूळ व्हायची एक घडी असते. अलीकडं उतरवली तर पाक, पलीकडं उतरवली तर जळका खडा. ती घडी सांगायची ती गुळव्यानं. त्यानं "उतरा" म्हटलं की गडी काहिलीच्या कड्यांना भिडतात. मालक लाखाचा असला तरी तिथं गप्प उभा राहतो. असा माणूस मी. घरची मंडळी वारल्यावर पोरगा संदीप मला इकडं घेऊन आला. तो इथं मोटारींचं सॉफ्टवेअर का काय ते करतो. इथं मला विचारून कोण काय उतरवणार? नातू मराठी समजतो आणि उत्तर जर्मनमध्ये देतो. मी दिवसभर खिडकीत.

एक काम तेवढं मला दिलेलं, रिकाम्या बाटल्या दुकानात नेऊन यंत्रात घालायच्या. यंत्र बाटली गिळतं आणि पैशाची चिठ्ठी देतं. तर पहिल्याच खेपेला ते यंत्र मी घातलेली बाटली परत बाहेर टाकायला लागलं. घातली, टाकली. घातली, टाकली. मी त्याला आमच्याकडची एक घसघशीत शिवी दिली. इथं कुणाला कळतंय?

मागून आवाज आला, "पावणं, बूड आधी घाला. तोंड आधी घातलं की थुकतंय ते."

वळून बघतो तर ताडमाड गोरा म्हातारा. लालबुंद मान, विजारीला खांद्यावरून पट्टे, डोक्यावर राखाडी टोपी. मला नवल वाटायच्या आधी सवयीनं तोंडातून गेलं, "कुठलं गाव?"

त्यानं गाव सांगितलं. आमच्यापासून एक ओढा ओलांडला की त्याचं गाव. तिथं मिशनचा दवाखाना होता, त्याचा बाप तिथला अमेरिकन डॉक्टर. हा तिथंच जन्मला आणि आयाबाईच्या कडेवर वाढला. नाव दानियल. आयाबाई म्हणायची दानू. म्हणून मीही दानू म्हणालो, आणि तो मला गुळव्या म्हणायला लागला. नाव त्यानं कधी विचारलंच नाही.

त्याची मराठी आमच्या गावातही आता कुणी बोलत नाही. आयाबाईची मराठी होती ती. पोरगेला असताना तो अमेरिकेला गेला, तिथंच भाषा थांबली. मोबाईलला तो 'ते डबडं' म्हणायचा. जर्मन लोकांशी बोलताना दर वाक्याला गेनाऊ, म्हणजे बरोबर, माझ्याशी बोलताना दर वाक्याला "व्हय तर". आमच्याकडं जेवायला आला की पायमोजे काढून खाली मांडी घालायचा, आणि मग उठवायला दोन माणसं लागायची. खिशात कागदाच्या पुडीत तिखट. जर्मन सूप समोर आलं की आधी पुडी बाहेर. त्याची बायको हेल्गा मी येण्याआधीच वारली होती. पोरगी साबिने जवळच राहायची. तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं. बापानं शिकवली नाही. "कुणाशी बोलली असती?" म्हणायचा.

आणि अमेरिकेचा अध्यक्ष! हा विषय निघाला की दानूला जेवण आठवायचं नाही. पण नाव घ्यायचा नाही. आत्ताच्याचं नाही, मागच्याचं नाही, कुणाचंच नाही. सगळ्यांना मिळून एकच नाव, 'वरचा'. आणि तिकडच्या संसदेला 'पंचायत'. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "नाव घेतलं की माणसं त्या माणसावरनं भांडत्यात. मला खुर्चीवरनं भांडायचं असतंय."

तळ्याकाठी आमचा बाक ठरलेला. तिथं तो आपली टोपी काढून मला तो अध्यक्ष शिकवायचा. टोपी सरळ घातली की तो झेंड्याखाली उभा राहणारा, परक्या राजाला जेवू घालणारा, देशाचा कारभारी. टोपी तिरकी केली की पार्टीचा पुढारी, मतं मागत फिरणारा. टोपी उलटी, टोक मागं, की पलटणीचा धनी. "डोस्कं एकच, गुळव्या. कुठल्या येळेला टोपी कशी हाय, ते त्याचं त्यालाबी ध्यानात ऱ्हात न्हाई. तिरक्या टोपीनं पलटण हलवली की मेलं लोक."

एकदा मी म्हटलं, "आणि टोपी काढून हातात धरली तर?"

त्यानं टोपी काढली, उलटी केली आणि भिकाऱ्यासारखी माझ्यापुढं धरली. "ही त्याची न्हवं. ही त्याच्याफुडं उभा ऱ्हातो त्याची. माफी मागणाऱ्याची." आणि पटकन डोक्यावर घातली.

आता मंदारचं सांगतो. मंदार पुण्याचा, संदीपच्या ऑफिसातला, आणि आमच्या मंडळाचा अध्यक्ष. पोरगा वाईट नाही. पण अध्यक्ष झाल्यापासून चालतोसुद्धा असा, की मागून कुणीतरी छत्री धरलीय. एका रविवारी संदीपच्या बाल्कनीत सगळे जमलेले, कोळशावर कणसं भाजत होती. विषय निघाला व्हिसाचा, त्यावरून अमेरिकेच्या अध्यक्षाचा.

मंदार म्हणाला, "काका, शेवटी बॉस तोच. एक सही केली की विषय संपला. काहीही करू शकतो तो."

दानू कणीस खात होता. ते खाली ठेवून म्हणाला, "सही हाय, पैसा कुठाय? तिजोरीची किल्ली पंचायतीकडं. त्येनं मंत्री निवडला, न्यायाधीश निवडला, तरी पंचायत व्हय म्हणल्याबिगर खुर्चीत बसत न्हाई. पंचायतीचा कायदा त्येनं फेकून दिला, तरी तीनातली दोघं उभी ऱ्हायली की त्येच्या नाकावर टिच्चून पास. आणि कोर्ट? कोर्ट त्येची सही टराटरा फाडतंय."

"ते पुस्तकात हो काका."

"पुस्तकात हाय म्हणून तर भांडायला जागा हाय. काहीबी करू शकतो असं तुमी बाल्कनीत बसून म्हणाय लागला, की मग त्यो खरंच कराय लागतो. तुमीच त्येला कणसं भाजून देताय."

सगळे हसले. मंदारही हसला, पण त्याचे कान लाल झाले. मग त्यानं डाव टाकला. "बरं. आणि फौज? फौजेला कुणाला विचारतो तो?"

दानूनं कणीस परत हातात घेतलं. मला वाटलं, हरला. मी म्हटलं, "सांग की लेका."

तो माझ्याकडं बघून बोलला, मंदारकडं नाही. "लढाई पुकारायचा हक्क पंचायतीचा. पण पलटण हलवायचा हुकूम वरच्याचा. एकदा पलटण हलली, पोरं तिथं उतरली, की पंचायत काय करणार? पोरांना उपाशी ठेवणार? गुळव्या, तू 'उतरा' म्हणतोस तवा तू कुठं असतोस?"

"काहिलीपाशी. वाफ तोंडावर येते माझ्या."

"आमचा गुळव्या समुद्रापल्याड असतोय. वाफ येत न्हाई त्येला."

त्याची गोष्ट मला एकदम कळली नाही. कधी लसूण सोलताना एक तुकडा, कधी बाकावर एक. तो कॉलेजात असताना त्याला सक्तीनं पलटणीत घेतलं आणि इथंच, बॉबलिंगेनजवळच्या छावणीत धाडलं. इथंच बेकरीत हेल्गा भेटली. मग एका सकाळी रांगेत नावं वाचली, व्हिएतनामच्या लढाईवर जायची. त्यात ह्याचं नाव. ह्यानं रांगेतूनच सांगितलं, मी जाणार नाही. पळाला नाही, लपला नाही, आजारी पडला नाही. तिथंच उभा राहून नाही म्हणाला.

"का रं?" मी विचारलं.

"तुमच्यातला एक गडी काहिलीत पडलेला, आठवतंय? बैलगाडीतनं आमच्या दवाखान्यात आणला व्हता. मी लई ल्हान. त्येचं वरडणं माझ्या खोलीत ऐकू यायचं. बा रात्रंदिस त्येच्यापाशी. त्यो गेला तवा बा भिंतीला डोस्कं टेकून उभा ऱ्हायला व्हता. आणि तिकडं लढाईत ईमानातनं आग टाकत व्हते, गावावर. भाजल्यालं माणूस कसं वरडतं हे मला ठावं व्हतं, गुळव्या. हुकूम देणाऱ्याला ठावं नव्हतं."

लष्करी कोर्टानं त्याला तुरुंगात टाकलं, मग नाव काळं करून पलटणीतून हाकललं. हेल्गा थांबली होती. तिच्याशी लग्न केलं आणि मोटारीच्या कारखान्यात हातोडा धरला. पण पासपोर्ट त्यानं मरेपर्यंत अमेरिकेचाच ठेवला. मतदान आलं की टपालानं मत पाठवायचा. पिवळ्या पेटीसमोर ताठ उभा राहून लखोटा आत सोडायचा. मी डिवचायचो, "ज्यांनी आत घातलं, त्यांच्या गावचा सरपंच निवडतोस व्हय?"

"गाव माझंच हाय की."

ह्या सगळ्यात त्याला टोचत होतं ते एकच. बाप. भाजलेल्या माणसासाठी भिंतीला डोकं टेकणारा तो डॉक्टर, पण पोरानं देशाचा हुकूम मोडला म्हणून त्याच्याशी मरेपर्यंत बोलला नाही. तिकडं अमेरिकेत आईबापाच्या थडग्यावर दगड आहे. त्यावर मुलांचीही नावं कोरायची त्यांच्यात रीत. बहिणीचं नाव आहे, लहानपणी गेलेल्या भावाचं आहे. दानूचं नाही. बाप सांगून गेला होता, अध्यक्षाची माफी आल्याशिवाय ह्याचं नाव दगडावर चढवायचं नाही. बहिणीच्या नावाखाली तेवढी जागा मोकळी ठेवलेली.

मागं एका अध्यक्षानं त्या लढाईला न गेलेल्यांना सरसकट माफी दिली होती. पण ती भरतीलाच न आलेल्यांना. वर्दी चढवून नाही म्हणणारे त्यात बसत नव्हते. दानूला स्वतःच अर्ज करायला लागणार होता.

हे साबिनेला उशिरा कळलं, आणि तिनं मनावर घेतलं. बाप म्हातारा झालाय, आत्या तिकडं अंथरुणाला खिळलीय, दगडावर नाव लागू दे. तिचं काय चुकलं? लेकच ती. इंग्रजी अर्जाला तिनं संदीपची मदत घेतली. अर्ज तयार झाला, फक्त दानूची सही राहिली.

त्या दिवसांत दानू बाकावर यायचा आणि टोपी हातात फिरवत बसायचा. शेवटी म्हणाला, "सांग गुळव्या. करू सही?"

मला राग आला. "केलंस काय तू, की माफी मागायलास?"

"तेच तर. वरच्याच्या हातात लई काय काय हाय, पण ह्या एका गोष्टीत त्येला कुणी आडवं येत न्हाई. पंचायत न्हाई, कोर्ट न्हाई. माफ म्हणला की माफ. पण घेणाऱ्यानं घेतली तरच. आणि घेतली, की चुकलो म्हणून कबूल केल्यागत हुतंय."

"मग विचारतोस काय?"

"आई हाय तिथं," तो म्हणाला. "दगडाखाली."

मी म्हटलं, "काहिल तुझी. उतरायची का, ते तू सांगायचं. दुसऱ्याच्या काहिलीवर मी बोलत नसतो." आणि उठून घरी आलो. संदीपवर मात्र दोन दिवस आग पाखडली.

एवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. त्यानं आपल्या घरी बसून सही केली असती किंवा अर्ज फाडून टाकला असता. पण संदीप मंदारपाशी बोलला, आणि मंदारला त्यात कार्यक्रम दिसला! आपल्या लोकांना कुणाचं दुःख दिसलं की आधी शाल आठवते. गणपतीत सत्कार ठरला. मराठी बोलणारा अमेरिकन, मंडळाचे ज्येष्ठ मित्र, शाल, श्रीफळ आणि सगळ्यांच्या साक्षीनं अर्जावर सही. फोटोसकट.

हॉल भरलेला. साबिनेला माझ्या सुनेनं साडी नेसवलेली. ती पहिल्या रांगेत, एक शब्द कळत नसताना हसतमुख. दानू स्टेजवर. कुंकू लावून घ्यायला त्यानं टोपी काढली, ती हातात तशीच राहिली. शाल घातली, काखेत नारळ दिला. मंदारनं माइक धरला.

"बाप्पासमोर आपण सगळेच आपल्या चुकांची क्षमा मागतो. दानियलकाकांच्या हातूनही तरुणपणी एक मोठी चूक झाली. पण चूक कबूल करायला मोठं मन लागतं. आज ते आपल्या सगळ्यांसमोर ती कबूल करून, जगातल्या सगळ्यात शक्तिमान माणसाकडे क्षमेची याचना करत आहेत. जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. सगळे फोन वर. साबिनेही टाळ्या वाजवत होती. बापाच्या चुकीला टाळ्या वाजवतेय हे तिला कसं कळावं?

मंदारनं टेबलावर अर्ज ठेवून पेन पुढं केलं. दानूनं पेन घेतलं. वाकला. मी मागच्या रांगेत खुर्चीची पाठ धरून बसलेलो. वाकताना त्याची नजर आपल्या डाव्या हाताकडं गेली. टोपी हातात होती, उलटी, तोंड वर. त्या दिवशी बाकावर धरली होती तशीच.

तो सरळ झाला. टोपी झटकून डोक्यावर घातली, नीट, सरळ. पेनाला टोपण लावलं आणि मंदारच्या कुर्त्याच्या खिशात अडकवलं. मग माइक घेतला.

"मंडळी, मी चुकलो न्हाई. शाल लई चांगली हाय, ती घेतो. माफी घेत न्हाई. आता जेवाय चला, वरण गार हुतंय."

कुणाला हसावं का नाही कळेना. मंदार माइकवर हात ठेवून कुजबुजला, पण पहिल्या पाच रांगांना ऐकू गेलं, "काका, फॉर्मॅलिटी आहे हो. फोटोपुरती सही करा, नंतर बघू ना."

मी उभा राहिलो. "ए अध्यक्ष! तुला मांडव सांभाळायला निवडलाय. माणसाची अब्रू लिलावात काढायला नाही. खाली उतर!"

संदीप माझा शर्ट ओढत होता. "आण्णा, बसा!" मी बसलो नाही.

साबिनेनं घाबरून संदीपला विचारलं, काय झालं, काय बोलला तो मंदार? संदीपनं मान खाली घालून सांगितलं. ती स्टेजवर गेली, मंदारकडं बघितलंसुद्धा नाही. बापाची घसरलेली शाल खांद्यावर नीट केली आणि जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. त्यानं उत्तर दिलं. संदीपनं मला नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, आणि दगड? तो म्हणाला, दगडावर जागा मोकळी आहे ना, राहू दे तशीच. येणारे-जाणारे विचारतील, इथं कुणाचं नाव राहिलं?

माझा राग त्या क्षणापुरता गेला. मग परत आला.

साबिने गाडीनं सोडते म्हणाली, तर दानू नको म्हणाला. "गाडीत बसलं की सगळी बोलाय लागत्यात. मला बसनं जाऊ दे." म्हणून मी एकटाच स्टॉपवर त्याच्याबरोबर गेलो. पायात चप्पल आणि मोजे, खांद्यावर मंडळाची जरीची शाल, काखेत नारळ. स्टॉपवरची जर्मन बाई त्याच्याकडं बघून बाजूला सरकली.

"बरं केलंस," मी म्हटलं.

"तुला कोण विचारतंय? काहिल माझी व्हती."

"मग नारळ दे इकडं. सत्कार नाकारलास न्हवं?"

"सत्कार घेतलाय. माफी नाकारली." आणि नारळ दुसऱ्या काखेत घेतला, माझ्यापासून लांब.

दुसऱ्या दिवशी मी गावी गेलो, शेताचं काम होतं. परत आलो तोवर थंडी पडली होती, आणि दानू इथल्याच मातीत हेल्गाशेजारी होता. बहिणीच्या नावाखालची जागा अजून मोकळी आहे, असं साबिने सांगते. मंडळवाल्यांनी, लिहायचंच असेल तर, हे लिहावं.

सत्काराच्या त्या संध्याकाळी बस आली. तो चढला, खिडकीशी बसला, नारळ शेजारच्या सीटवर ठेवला, पाहुण्याला बसवावं तसा. दार बंद झालं. तो काचेआडून मला काहीतरी सांगायला लागला, बोट नाचवून, तावातावानं. एक अक्षर ऐकू आलं नाही. शिवी असणार, असं मी धरून चाललो. मीही त्याला एक दिली, आमच्याकडची, घसघशीत, बस वळेपर्यंत पुरेल एवढ्या मोठ्यानं.